सवतीचा पंप

फिटरच्या बायकोने त्या गाडीचं नाव ‘सवत’ ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकलं नव्हतं. तांबडी, बुटकी, दोनच सीटची ती जुनी स्पोर्ट्स कार फिटरच्या निवृत्तीनंतर घरी आली आणि तो रोज चहाच्या आधी तिचं तोंड पाहू लागला. तिला पुसायला नवाकोरा टॉवेल, आणि बायकोच्या कपाटाची बिजागरी दोन वर्षं करकरतेय, तिकडे ढुंकून बघायला सवड नाही!

गाडीला एक खोड मात्र होती. सपाटीवर झकास पळायची, पण चढावर वेग मंदावला की तापायची. चार वर्षांपूर्वी दोघं टेकडीवर राहणाऱ्या ताईकडे, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीकडे निघाले होते. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. बायको नव्या चपला हातात घेऊन उरलेला चढ पायी चढली आणि ताईने ते सगळं गॅलरीतून पाहिलं. ताई अजून हसते. त्या दिवसापासून बायकोने गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं.

फिटर वरवर म्हणायचा, नाही बसली तर नाही, मला काय! पण दोन सीटच्या गाडीत शेजारची सीट रिकामी घेऊन फिरताना त्याला फार वाईट वाटायचं. नाही म्हटलं तरी गाडी त्याने बायकोला शेजारी बसवून मिरवायलाच घेतली होती.

दोष पाण्याच्या पंपाचा होता. इंजिनभोवती पाणी फिरवणारा तो पंप पट्ट्यावर चालायचा. इंजिन जोरात तर पंप जोरात, इंजिन हळू तर पंप सुस्त. गाडीला पाण्याची गरज असायची नेमकी तेव्हाच हा डुलक्या काढायचा. आणि हे घडत होतं कुणाच्या गाडीत? ज्याने एकतीस वर्षं एका पाच मजली इमारतीला पाणी चढवलं त्याच्या! खाली पंपाची खोली, तिला लागून फिटरचं बिऱ्हाड, आणि पंपाचं काळं, जाडजूड बटण बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात. ते बटण निवृत्त होताना त्याने आठवण म्हणून घरी आणलं होतं.

शेवटी गॅरेजवाला मेहुणा विजेवर चालणारा पंप घेऊन आला. सोबत एक छोटा डबा होता.

“भाऊजी, हा डबाही लावा. इंजिन किती तापलंय ते बघून तो आपणच पंप चालवतो, आपणच बंद करतो.”

“एकतीस वर्षं पंप सांभाळलाय मी. आता या डब्याच्या हाताखाली काम करू?”

“मग गाडी उकळली की माझ्याकडे आणून द्या. कायमची!” मेहुण्याचा गाडीवर पहिल्यापासून डोळा होता.

आतून बायको बाहेर आली. “ठरलं. रविवारी मी बसते. ताईकडेच जाऊ. उकळली तर गाडी याच्या दारात. शब्द द्या.”

फिटरने शब्द दिला.

मग तीन दिवस तो गाडीखालीच राहायला गेला. जुनं पाणी काढलं, पट्टा काढला, रेडिएटरच्या खालच्या नळीत नवा पंप बसवून पट्ट्या आवळल्या. पाणी भरून नळ्या दाबदाबून आतली हवा काढली. पंपात हवा राहिली की तो नुसता ओरडतो, पाणी देत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. डबा त्याने माळ्यावर टाकला आणि डॅशबोर्डच्या मधोमध स्वयंपाकघरातलं ते काळं बटण ठोकून दिलं.

रविवारी बायको जुन्या चपला घालून आली. वेळ काही सांगून येत नाही. फिटरने बटण दाबलं, पंप घूं घूं करू लागला, गाडी निघाली. बाजार मागे पडला, चढ सुरू झाला, काटा जागचा हलेना. फिटरच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि तोंडाचा पट्टा सुटला. मेहुण्याला यंत्रातलं काय कळतं, हल्लीच्या लोकांना प्रत्येक गोष्टीला डबा कसा लागतो, असं कितीतरी.

“आणि आता ऐक,” तो म्हणाला, “आवाजसुद्धा नाही! असा हवा पंप!”

“हं,” बायको म्हणाली.

दोन वळणं गेली आणि बॉनेटमधून वाफ आली. जागासुद्धा तीच.

फिटरने गाडी कडेला घेतली. आधी काट्याकडे पाहिलं, मग बटणाकडे. बटण बंद होतं. बोलण्याच्या नादात आपलाच हात गेला, दुसरं काय!

“पंपाचा दोष नाही,” तो हळूच म्हणाला. “मीच बंद केला असणार. पण शब्द तो शब्द.” त्याने मेहुण्याला लावायला फोन काढला.

बायकोने फोनवर हात ठेवला. “ठेवा तो फोन. मी बंद केला.”

“तू?”

“तुम्ही डब्याला नावं ठेवत होता. तो घूं घूं करत होता. मला वाटलं टाकी भरली, हात गेला.”

“अगं, मग गप्प बसायचं! गाडी गेली असती. तुला हवं तेच झालं असतं.”

“झालं असतं. पण पंप तुम्ही चांगला बसवलाय, त्याला उगीच का बोल लावायचा?” ती त्याच्याकडे वळली. “आणि एकतीस वर्षं पंप कुणी सांभाळला? तुम्ही पान्हा घेऊन पाचही मजल्यांवर गप्पा मारत होता. भाजी चिरता चिरता बटण मी दाबत होते. टाकी एकदा तरी वाहिली?”

नव्हती वाहिली. इमारतीने निवृत्तीच्या दिवशी त्याचं कौतुक केलं होतं ते त्याचंच. आणि त्याने ते ऐकून घेतलं होतं. फिटरला भर रस्त्यात शरमल्यासारखं झालं.

अर्ध्या तासाने इंजिन निवलं. त्याने पाणी भरलं, बायकोने बटण दाबलं आणि वरपर्यंत त्यावरचा हात काढला नाही. ताई गॅलरीत उभीच होती. गाडी दारात थांबली, वाफ नाही की काही नाही. फिटरने इंजिन बंद केलं आणि पंपाच्या बटणाकडे हात नेला. बायकोने त्यावर चापट मारली.

“गरम आहे अजून. फिरू दे पाणी. मी सांगेन तेव्हा.”

“अगं, वर या ना! काय झालं?” ताई ओरडली.

“येतो,” बायको म्हणाली. “हिला जरा निवू दे.”

फिटर दोन्ही हात मांडीवर ठेवून शेजारी बसून राहिला.