खोलग्यातली माती

विमलताईंच्या नावावर जी चार एकर जमीन होती, तिला घरात कोणी वावर म्हणत नसे. खडक म्हणत. मुकुटबनच्या अलीकडचा तो सगळा पट्टा चुनखडीचा. पावसाचं पाणी वर थांबत नाही, भेगांतून खाली उतरतं आणि कुठल्या तरी लांबच्या नाल्यात जाऊन निघतं. वाटणीच्या वेळी वडिलांनी, म्हणजे दादांनी, काळी जमीन लेकाला, बबनरावांना, दिली आणि खडक लेकीला. "तुले नोकरी हाय," एवढंच म्हणाले. विमलताई तेव्हा घाटंजीच्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या. त्यांना वाईट वाटलं नाही. पुढे सातबाऱ्यावर आपलं नाव आहे याचाही त्यांना विसर पडला.

खडकाच्या मधोमध एक खोलगा होता, शाळेच्या पटांगणाएवढा. त्यात धावडा आणि बेहडा दाटीने वाढलेला, खाली पाचोळा, आणि पाचोळ्याखाली काळी, भुसभुशीत, गार माती. भर मे महिन्यात हात घातला तरी ओल लागायची.

बबनरावांचा डोळा त्या मातीवर होता. पावसाळ्याच्या आधी त्यांनी घाटंजीला फोन केला.

"ताई, सोयाबीन निघालं का जेसीबी लावतो. प्रेमसिंगले सांगून ठेवलं. शंभर ट्रॉल्या तरी निघन. खालच्या वावरात पसरवतो, मंग हरभरा पाह्यशीन तू."

"आणि झाडं?"

"झाडं निघतीन. झाडाले काय करतं? तुह्या नावावर हाय म्हणून इचारून राह्यलो, नाईतर कायले इचारलं असतं?"

विमलताई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या बाईला माहेर म्हणून एक भाऊ उरलेला असतो, तेव्हा तिला लगेच बोलता येत नाही. दर दिवाळीला त्या चार दिवस तिथे जात. त्या चार दिवसांवर त्यांचं उरलेलं वर्ष निघत असे.

आडवी आली ती सुरभी, बबनरावांची धाकटी. ती अकोल्याला शेतकीत एम.एस्सी. करत होती. तिचं म्हणणं असं की खोलग्यातली माती सुपीक आहे ती नुसती साठलेली आहे म्हणून नाही. चुन्याच्या जमिनीत पिकाला लागणारं स्फुरद असतं, पण चुना त्याला धरून बसतो, मुळांना देत नाही. ते सोडवतात मातीतले जिवाणू आणि झाडांच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या बुरशा. झाड पान टाकतं, ते पान कुजवतात, झाड पुन्हा वर ओढतं.

"बाबा, ते चाक फिरून राह्यलं म्हणून माती काळी आहे. उचलून उन्हात पसरवली का चाक थांबलं."

"माती ते माती," बबनराव म्हणाले. "एवढ्या फिया भरल्या, अन् पोरगी म्हणते मातीले चाक हाय."

शेवटी बाप-लेकीत ठरलं ते असं. मागच्याच उन्हाळ्यात बबनरावांनी कोणाला न विचारता खोलग्यातल्या दोन ट्रॉल्या काढून खालच्या वावराच्या एका कोपऱ्यात पसरवल्या होत्या. सुरभीने मांजरपाटाच्या बारा सारख्या पट्ट्या कापल्या. चार खोलग्यात पुरल्या, चार त्या कोपऱ्यात, चार वावराच्या मध्यावर. मातीतले जीव सुती कापड खातात. जिथे जीव जास्त, तिथे कापड लवकर संपतं. कोपऱ्यातलं कापड खोलग्यातल्याइतकंच खाल्लेलं निघालं, तर बबनरावांचं खरं. नाही तर जेसीबी यायचा नाही.

विमलताईंना हे फार पटलं. आपल्याला काही बोलावं लागणार नाही, कापडच काय ते बोलेल.

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं. पट्ट्या काढायच्या दिवशी त्या मुद्दाम गावी गेल्या. सुरभीच्या मागे खडक चढताना उजव्या हाताला दुसरा, धाकटा खोलगा लागला. त्याला आता खोलगा कोण म्हणेल? चुनखडीचे पांढरे सुळके आणि मधे घाणेरीची दोन झुडपं. घरात सांगायचे की एका वर्षी मोठा पूर आला आणि तिथली माती घेऊन गेला. बबनरावही तेच सांगायचे. तेव्हा ते पाळण्यात होते.

विमलताई अकरा वर्षांच्या होत्या. पूरबीर काही आला नव्हता. वीस माणसं, चार बैलगाड्या आणि टोपली. पंधरा दिवस वडील स्वतः उभे राहून माती खालच्या वावरात टाकून घेत होते. छोट्या विमलनेही एक लहान टोपलं डोक्यावर घेऊन खेपा केल्या होत्या, मान दुखेपर्यंत, आणि वडिलांनी तिला शाबासकी दिली होती. त्या वर्षी कपाशी तिच्या डोक्याच्या वर गेली. वेचणीला आलेल्या बायका एकमेकींना दिसत नव्हत्या, नुसत्या हसण्यावरून कळायच्या. दुसऱ्या वर्षी कपाशी खांद्याला लागली. तिसऱ्या वर्षी जशी आधी होती तशी. खोलग्याच्या कडेची झाडं दोन-तीन उन्हाळ्यांत वाळली. पुराची गोष्ट घरात कधी शिरली ते विमलताईंना आठवत नव्हतं, पण वडिलांसमोर ती खोडायची कोणाची हिंमत नव्हती. पुढे पुढे त्या स्वतःही तीच गोष्ट सांगू लागल्या.

सुरभीने पट्ट्या मातीच्या ढेकळांसकट अलगद उचलल्या, तीन वेगळ्या पिशव्यांत घातल्या आणि पिशव्यांवर नावं टाकली. आज हात लावायचा नाही, उद्या सुकल्यावर ब्रशने माती झाडून वजन करायचं, असं म्हणून तिने त्या ओसरीवर उघड्या ठेवल्या आणि तागडीसाठी गावात गेली.

सकाळी अंगणातल्या दोरीवर सात पांढऱ्या पट्ट्या वाळत होत्या. शेजारी तीन पिशव्या, त्याही धुतलेल्या.

घरकाम करणारी मानीबाई भांडी घासत होती. "पोरीचे कापडं चिखलात लोळले होते," ती म्हणाली. "म्या म्हटलं, अकोल्याले अशेच घेऊन जाते का हे? साबण लावून चांगले काढले."

"बाराच्या सातच कशा राह्यल्या व?" सुरभीचा आवाज चिरका झाला.

"बाकीचे पाण्यातच गेले बाई. मुठीत धरले का लगदा. कोण्या दुकानातून आणलं होतं कापड? फसोलं तुले."

बबनराव मनसोक्त हसले. "मानीबाई, तूच एम.एस्सी. पास."

"गेलेल्या कोणत्या पिशवीतल्या, आठवते का?" विमलताईंनी विचारलं.

"मी सगळे एकाच टोपात टाकले ना."

सुरभी पायरीवर बसून राहिली. गेलेल्या खोलग्यातल्याच असणार, असं आत्याने हळूच म्हणून पाहिलं. सुरभीने मान हलवली. "असतीन. पण मले माहीत नाही आत्या. जे माहीत नाही ते मी नाही सांगू शकत."

बबनरावांनी खिशातून मोबाइल काढला. "झालं मंग. प्रेमसिंगले परवा बोलावतो. ताई, तुहं काय म्हणणं?"

बाजूला दोरीवर पट्ट्या हलत होत्या. त्यांच्याकडून आता काही मिळण्यासारखं नव्हतं.

"बोलावू नको," विमलताई म्हणाल्या.

"काहून?"

"धाकट्या खोलग्यातली माती पुरानं नाई गेली, बबन. दादांनी काढली. मी टोपलं वाह्यलं. दोन वर्षं कपाशी आली, मंग काही नाई. तू पाळण्यात होता."

बबनरावांनी मोबाइल खाली घेतला. "दादा खोटं बोलत होते म्हणते तू?"

"हो."

"अन् तू? साठ वर्षं?"

"मीही."

त्यांनी फोन खिशात टाकला. "तुहं नाव हाय सातबाऱ्यावर. तूच ठेव मंग आपला खडक," म्हणाले आणि वावराकडे निघून गेले. दुपारच्या एसटीला दरवर्षी तेच सोडायला येत. त्या दिवशी सुरभीने स्कूटीवर आणून सोडलं.

दिवाळी आली. फोन आला नाही. धनत्रयोदशी गेली, पाडवा गेला. भाऊबीजेच्या सकाळी विमलताईंनी पिशवीत निरांजन आणि करंज्यांचा डबा घातला आणि न बोलावता एसटीत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माहेरी न बोलावता चालल्या होत्या.

बबनराव दुपारी वावरातून आले. बहिणीला पाहिलं, हातपाय धुऊन आले. भावजयीने पाट मांडला होता. ते त्यावर बसले. विमलताईंनी ओवाळलं. त्यांनी नमस्कार केला, तोही खाली मान घालून.

करंजी खाताना ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "तुह्या खोलग्यात लोकाईची गुरं शिरून राह्यली. काट्या लावा लागतीन."

"लाव ना."

"तुह्या वावराले मी कायले लावू?"

"मंग मी लावू का, ह्या वयात?"

त्यांनी दुसरी करंजी घेतली.

काट्यांचं कुंपण त्या वर्षी लागलं नाही. गुरांनी कडेची चार-सहा झाडं ओरबाडली. पण त्या चार दिवस राहिल्या, आणि निघायच्या दिवशी बबनरावांनी मोटारसायकल काढली.