लाल डबीचे सेल

वाल्मीकसरांचं एकच पालुपद. "मनाली, वीस वर्षं हीच चिप वापरतोय आपण. कधी नडलं का?"

नडेल कसं? आमच्या अंबडच्या कारखान्यात बनणारी यंत्रं आजवर प्लगवर चालायची. आम्ही बनवत होतो ती नवी डबी मात्र कांदा साठवायच्या चाळीत टांगायची होती, दोन पेन्सिल सेलवर. दर दहा मिनिटांनी जागं व्हायचं, उष्णता आणि दमटपणा मोजायचा, कांदा सडायच्या आत बोंब ठोकायची, नाहीतर पुन्हा झोपायचं. दोन्ही चिप मोजक्याच, सोप्या आज्ञांवर चालणाऱ्या. पण माझी नवी, रिस्क-फाइव्ह या कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या आराखड्याची, काम नसताना गाढ झोपायची. सरांची झोपेतही सेल खात बसायची. आणि सर बघायचे नुसता वेग! अहो, चाळीत काय शर्यत लावायचीय?

शेवटी दोन चिपच्या दोन डब्या कळवणला सुलाबाई या शेतकरणीच्या चाळीत तीन महिने टांगायचं ठरलं. सरांची लाल, माझी पांढरी. सेलवर मी मार्करनं तारीख टाकली. माझी जिंकली नाही तर डिझाइन पुण्याच्या सल्लागाराकडे जाणार आणि मी पुन्हा तक्रारींच्या फोनवर बसणार.

तीन महिन्यांनी गेलो, तर दोन्ही डब्यांचे दिवे लुकलुकत होते. माझ्या हिशोबानं लाल डबी दीड महिन्यातच गार व्हायला हवी होती.

"बघ!" सर खुशीत. "दोन्ही सारख्याच. मग हे नवीन खूळ कशाला? उद्याच पुण्याला फोन करतो."

मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा संतापही.

तेवढ्यात सुलाबाई चहा घेऊन आल्या. "साहेब, रागावू नका, पण तुमची लाल डबी लय खादाड हाय. दोनदा बंद पडली. तुम्ही येणार, तुमचा मान राहायला पाहिजे, म्हणून दोन्ही वेळा मीच दुकानातून सेल आणून घातले."

"आणि पांढरी?" मी ओरडलेच.

"तिला कुठं काय लागलं!"

सरांनी पांढरी डबी उघडली. आतल्या सेलवर माझ्याच अक्षरातली तीन महिन्यांपूर्वीची तारीख. ते खो खो हसले आणि त्यांनी फोन काढला.

"पुण्याला?" मी विचारलं.

"गप गं." मग फोनवर, "दीपक, स्टोअरला सांग, पाचशे डब्यांचं सामान काढा. सगळ्या पांढऱ्या."

मी कांद्यांच्या मधोमध नाचले. सुलाबाईंनाही नाचवलं.