शंभर मिलीची बाटली

"अक्का, विकून टाक ही गाडी. लिटरला पंचेचाळीस देते. अप्पांचं ते पासष्ट म्हणजे नुसत्या गप्पा," मल्लेश म्हणाला.

धाकट्या भावाचं हे बोलणं मला लागलं. अप्पा, आमचे वडील, गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर; लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे. याच मोटरसायकलवर त्यांनी आसपासची सगळी खेडी पालथी घातली. जन्मात बढाई मारली ती एवढी एकच. जानेवारीत ते गेले आणि गाडी मी शाळेला न्यायला लागले.

शेवटी ठरलं, मौलासाबच्या गॅरेजात तपासायची. लिटरला साठ दिले तर ठेवायची, नाहीतर रविवारी येणाऱ्या गिऱ्हाईकाला द्यायची.

मौलासाबने टाकीचा कॉक बंद केला. सलाइनच्या रिकाम्या बाटलीत शंभर मिली पेट्रोल मोजून ओतलं, बाटली हँडलला टांगली आणि नळी कार्ब्युरेटरला जोडली.

"जा पोरी, गदगच्या रस्त्याने. बंद पडेल तिथे मीटर बघ."

साडेचार किलोमीटरवर बंद पडली. स्कूटरवरून मागे आलेल्या मल्लेशने माझ्या फूटरेस्टला पाय लावून गाडी रेटत परत आणली.

मौलासाबने मागचा टायर दाबला. "यात हवा आहे की हवेची आठवण?" हवा भरून त्याने चाक फिरवलं, ब्रेक कुठे घासत नव्हता. प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. मग तो टाकीखाली वाकला.

"चोक अर्धा ओढलेला! म्हणून पेट्रोल पितेय. कुणी ओढला हा?"

इथे खाली चोक असतो हेच मला माहीत नव्हतं. घरात त्याला हात लावणारे एकटे अप्पा. ते गेले त्या पहाटे कडाक्याची थंडी होती आणि होसूरला म्हैस अडली होती. अप्पांनी गाडी चालू केली, पण ते फाटकापर्यंतही पोचले नाहीत.

मौलासाब हात पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरांनी ओढलाय. तूच ढकल."

मी बोटाने ढकलला. सहज गेला.

प्लग पुसून, बाटली भरून पुन्हा निघाले. साडेचार गेले. पाच. सहा. पुढे मी मीटरकडे बघायचंच सोडलं. गाडी आचके देऊन थांबली तेव्हा मल्लेशने वाकून आकडा वाचला.

"सहा पूर्णांक सहा दशांश. म्हणजे सहासष्ट!" त्याने डोळे पुसले. "म्हातारा एक कमीच सांगायचा की गं."

मला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"बस, रेटतो," तो म्हणाला. "गिऱ्हाईकाला फोन मीच करतो. आणि आधी मिरची-मंडक्की खायची, गरम भजी नि चुरमुरे. तुझ्याकडून."