आख्यानात ऋता नाही

बुवांनी चिपळ्या मांडीवर ठेवल्या, तेव्हाच शुभाला कळलं, आजचा रियाज संपला आणि चौकशी सुरू झाली.

"काय म्हणते आमची ऋता?"

"बरी आहे."

"बरी आहे ते मलाही दिसतं. एका घरात राहतो आम्ही. साखरपुडा का मोडला, ते विचारतोय."

"ते तिला विचारा, बुवा."

"तिला विचारून थकलो, म्हणून तर नातीला तुझ्याकडे पाठवली ना!"

मुलुंड पूर्वेच्या या तिसऱ्या मजल्यावर, रामनाथबुवांसमोर बसून, शुभा कॉलेजात असल्यापासून कीर्तन शिकत आली होती. दिवसा ती समुपदेशक. लोकांचं ऐकून घेणं हा पेशा आणि देवाचं ऐकवणं ही आवड, असं ती हसत सांगायची. दोन्हींची कधी टक्कर होईल असं तिला वाटलंच नव्हतं.

ऋताला घेऊन बुवा स्वतः तिच्या क्लिनिकवर आले होते. मुलीने मिहिरशी ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण कोणाला सांगत नव्हती आणि पेटीला हात लावत नव्हती. शुभा तेव्हा म्हणाली होती, "बुवा, मी घरातलीच. घाटकोपरला भाविका म्हणून माझी मैत्रीण आहे, फार चांगली आहे. तिच्याकडे न्या." बुवा म्हणाले, "घरचं दुखणं परक्या बाईपुढे कशाला? तू आपली." आणि ज्या माणसाने आपल्या हातात पहिली झांज दिली, त्याला नाही म्हणायची सवय शुभाच्या जिभेला नव्हती. ती "बरं" म्हणाली. चूक तिथेच झाली. पहिल्या दिवशी ऋताने दारातच विचारलं, "इथे मावशी म्हणू की मॅडम?" दोघी हसल्या. खरं तर त्या प्रश्नाशी थांबायला हवं होतं.

मग ऋता बोलायला लागली. काय बोलली ते त्या खोलीत राहिलं. ते या गोष्टीतही येणार नाही.

"बरं, मला सांगू नकोस," बुवा आता गोड आवाजात म्हणाले. "दत्तजयंतीचं कीर्तन तुझं आहे. ऋता पुढे बसेल. तिचं कुठे दुखतं ते तुला ठाऊक. उत्तररंगात असं आख्यान लाव, की बरोबर तिथे जाऊन लागेल. नाव घ्यायचं नाही, गाव घ्यायचं नाही. कीर्तनात कोणाला काय लागलं, ते तो जाणे आणि देव जाणे."

ही कला शुभाने यांच्याकडूनच घेतली होती. भावांची भांडणं चाळीभर गाजत असली, की बुवा दोन भावांची कथा लावत आणि ते दोघे भर देवळात एकमेकांच्या गळ्यात पडत. ते पाहून तीही रडली होती. म्हणून तर तिला आता राग आला.

"बुवा, तुम्ही लावायचात ते चव्हाट्यावरचं. हिने मला दार लावून सांगितलंय."

"कीर्तनाला दार नसतं, शुभा."

"म्हणूनच ते कीर्तनात येणार नाही."

"गुरूला नाही म्हणतेस?"

"गुरूला नाही म्हणत. ऋताच्या आजोबांना म्हणतेय. दोघं एकाच अंगरख्यात बसलात, त्याला मी काय करू?"

कोपऱ्यात पेटीची साथ करणारे बाळकाका खोकले. बुवांनी चिपळ्या पिशवीत घातल्या.

"मग दत्तजयंतीला मीच उभा राहतो."

मुख्य दिवसाची कीर्तनाची गादी शुभाला पहिल्यांदाच मिळणार होती. देवळाच्या फळ्यावर तिचं नाव लागलं होतं, आईने नऊवारी काढून ठेवली होती. "उभे राहा," ती म्हणाली आणि चपला घातल्या. जिना उतरताना ती मागे वळली नाही.

बाळकाका तिच्यामागून उतरले. "अगं, डोकं वापर. हो म्हण, गादीवर चढ, आणि गुपित राखणाऱ्याचं आख्यान लाव. म्हाताऱ्याची अशी जिरेल!"

"म्हणजे मी तेच करायचं, फक्त नेम दुसऱ्यावर धरायचा? गादी काय बंदूक ठेवायची जागा आहे, काका?"

"झालं. दोघांची वाट लागली," बाळकाका म्हणाले. "मला मात्र दोघांना सूर द्यायचाय."

त्या आठवड्यात ऋता क्लिनिकवर आली, तेव्हा शुभाने आधी तेच काढलं. "तुझ्या आजोबांनी मला विचारलं. मी काही सांगितलं नाही."

ऋताचा चेहरा उतरला. "विचारलं? म्हणजे तुम्ही बोलता माझ्याबद्दल?"

"ते बोलतात. मी नाही."

"आणि मी कशावरून मानू? लहानपणापासून बघतेय मी. त्यांच्यापुढे मान वर करून बोलला नाहीत तुम्ही कधी. वाटलंच होतं. तुम्ही त्यांच्याच."

शुभाला लागलं, कारण अर्धं खरं होतं. "मानू नकोस. पण एक ऐक. तुला इथे घ्यायला नको होतं. त्यांना नाही म्हणता आलं नाही मला. ती चूक माझी, तुझी नाही. आता एक तर मी तुमच्या घरची, नाही तर तुझी समुपदेशक. दोन्ही नाही चालत. भाविकाशी बोलून ठेवते, तू म्हणशील तर. तिलाही तुझं काही सांगणार नाही. काय सांगायचं ते तूच ठरव."

"बघते," म्हणून ऋता उठली. दार जरा जोरातच लागलं.

दत्तजयंतीला शुभा देवळात गेली. गादी गेली म्हणून दत्ताचा जन्म चुकवायचा की काय? फळ्यावरचं तिचं नाव पुसलं होतं, पण खडूचा पांढुरका डाग राहिला होता. बायका तिच्याकडे बघून कुजबुजल्या. ती झांज घेऊन सरळ पुढे जाऊन बसली. पलीकडे ऋता, आपल्या आईच्या शेजारी, मान खाली.

पूर्वरंग काय रंगला! बुवांचा आवाज सत्तरीतही कळसाला जाऊन लागत होता. शुभाचे डोळे भरले. रागावून का कोणी गाण्याला बहिरं होतं? नामाचा गजर झाला. मग रिवाजाप्रमाणे बुवांना हार घातला, आणि नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या त्यांना बुक्का लावायला एकेक जण पुढे झाला. तिथे उभ्या असलेल्याच्या पाया थोरामोठ्यांनीही पडायचं असतं.

शुभा वाकली, तेव्हा बुवा ओठ न हलवता पुटपुटले, "अजूनही सांग. कारण कळू दे, तसं आख्यान लावतो. पुढच्या वर्षीची गादी तुझी."

"बुवा, मी पाया गादीच्या पडतेय," ती म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

बुवांनी उत्तररंग धरला. कोणा एका नगरीतल्या सावकाराची लेक. लग्न ठरलेलं. तिथे येतो बासरी वाजवणारा कोणी वाटसरू, मुलगी त्याच्या नादी लागते, थोरांचा शब्द मोडते. बुवांची नजर सारखी एकाच जागी जात होती. देऊळभर सगळ्यांना कळलं. बायकांच्या माना वळल्या.

ऋताने डोकं वर केलं. आधी आजोबांकडे पाहिलं, मग शुभाकडे. पुढच्या कडव्यात वाटसरूने मुलीला मोत्यांचा हार दिला, आणि ऋता फस्सकन हसली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बुवांची सम चुकली. आयुष्यात पहिल्यांदा. बाळकाकांनी पेटीवर सावरून घेतलं.

आरती झाल्यावर चपलांपाशी ऋताने शुभाला गाठलं. "कुठला वाटसरू हो! कुठली बासरी! त्यांना काही म्हणजे काहीच माहीत नाही."

"नाही."

"तुम्ही खरंच एक शब्द सांगितला नाहीत." तिने नाक पुसलं. "भाविकाताईंचा नंबर द्या. आणि तुमचं कुठे कीर्तन असेल, तर पेटीला मी बसते."

"नंबर देते. पेटीला नको. आत्ता तरी नको."

"किती नियम तुमचे!"

"हो. आधीच पाळायला हवे होते."

ऋता गेली. बुवा पगडी हातात घेऊन खांबाशी उभे होते. पगडीविना ते लहान दिसत होते.

"दुसरा मुलगा नव्हता म्हणजे?"

"पुन्हा विचारताय, बुवा."

"पुढच्या वर्षी बघू तुझं."

"पुढच्या वर्षापर्यंत कोण थांबतंय? येत्या एकादशीला माझं कीर्तन आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये."

"गाड्यांच्या मधे?"

"दोन हलवून देतायत. जिथे उभं राहून देवाचं नाव घ्यायचं, तिथे नारदाची गादी, ही तुमचीच शिकवण. बाळकाका येतायत पेटीला."

बाळकाका पेटीची खोळ घालत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"तुम्हीही या," शुभा म्हणाली. "पुढे सतरंजी राखून ठेवते. फक्त गादीवर मी असेन. बुक्का लावून वाकावं लागेल तुम्हाला."

बुवांनी पगडी या हातातून त्या हातात घेतली. "आख्यान कुठलं लावणार आहेस?"

"कोणाच्याही घरचं नाही," ती म्हणाली आणि झांजेची पिशवी खांद्याला लावून रस्त्याला लागली.