निरोपाचा फोटो

बोंगनिमचं मागणं एकच होतं. फिश केकच्या कारखान्यातली आपली जागा तिला परत हवी होती. एकोणीस वर्षं कोरियातल्या बुसान शहरात त्याच सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून तिने वाकड्यातिकड्या वड्या वेचल्या होत्या. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी तिला दुसरं कोण कामावर घेणार? कामगार आयोगाच्या पायऱ्या चढून गुडघ्यांचे मात्र हाल झाले होते.

"बाई स्वखुशीने काम सोडून गेल्या," असं कंपनीचं म्हणणं. पुरावा म्हणून बांग मॅनेजरने निरोपाच्या जेवणाचा फोटो आणला होता. शेगडीवर मांस, समोर सोजू दारूचे पेले आणि मधोमध फुलांचा गुच्छ घेऊन हसणारी बोंगनिम.

तिचे वकील ग्वाक कपाळाला हात लावून म्हणाले होते, "मावशी, गुरुवारी काढून टाकलं आणि शुक्रवारी तुम्ही जेवायला गेलात? वर आभारही मानलेत?"

"बोलावलं होतं. न जाऊन कसं चालेल?"

वकील तरुण होते, शिकलेले होते. त्यांना काय सांगायचं? तीन महिने ती हेच सांगून थकली होती.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्षांनी फोटो उचलून धरला. "या तुम्हीच ना? छान हसताय."

"हो साहेब."

"'इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आभारी आहे.' हेही तुम्हीच म्हणालात?"

"हो."

वकिलांनी डोळे मिटले.

"ज्याला काढून टाकलंय तो असं बोलेल?"

बोंगनिमला या खोलीचा, या प्रश्नांचा, स्वतःच्या आवाजाचासुद्धा कंटाळा आला होता. "साहेब, बरोबरच्या बायका रडत होत्या. त्यांनी वर्गणी काढून फुलं आणली होती. मी तोंड पाडून बसले असते तर त्यांना घास गेला असता का? जेवून उठल्यावर माणूस आभारच मानतो. तुम्ही काय म्हणता?"

अध्यक्षांनी फोटो खाली ठेवला आणि ते बांगकडे वळले. "राजीनामा लिहून घेतला होता?"

"नाही. म्हणजे... त्यांचं मन दुखावेल म्हणून..."

"आणि 'सोमवारपासून येऊ नका' हे मन न दुखावता सांगितलंत?"



त्याच दिवशी संध्याकाळी आठला निकालाचा मेसेज आला. बडतर्फी अन्यायकारक; कामावर परत घ्यावं. बोंगनिमने तो तीनदा वाचला. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त झोप येत होती.

लगेच वकिलांचा फोन. "जिंकलो, मावशी! पण लेखी निकाल हातात पडला की दहा दिवसांत ते वर अपील करू शकतात. तोवर कारखान्यात कुणाच्या कशावर हसायचं नाही, कुणाचे आभार मानायचे नाहीत. सगळं पुरावा होतं. कळलं?"

"कळलं. फार आभारी आहे तुमची."

पलीकडून एक उसासा ऐकू आला.

पुढच्या आठवड्यात ती कामावर हजर झाली. पट्टा तोच होता, तेलाचा वासही तोच. पहिल्या सुट्टीत शेजारची ओकबुन कागदी कपात कॉफी घेऊन आली. वर्गणी गोळा करणारी हीच. तिने दोन्ही हातांनी कप पुढे केला.

"घ्या, ताई. तुमच्याशिवाय कॉफी गोडच लागेना बघा आम्हाला!"

बोंगनिमने कप घेतला. आभाराचा शब्द ओठांवर आला होता. दारात बांग मॅनेजर उभा होता आणि त्याच्या हातात फोन होता.

ती गप्प राहिली आणि थांबलेल्या पट्ट्याकडे बघत कॉफी पिऊ लागली.

ओकबुनने कपात डोकावून पाहिलं. "कडू झाली का?" तिने हळूच विचारलं. मग ती ॲप्रनला हात पुसत आपल्या जागेवर निघून गेली.