तीन वाजता घरी येणारी मुलगी आणि मी

सकाळी आठ वाजून बावन्न मिनिटांनी तिनं मला एकदाच ओढून पाहिलं, हात सोडला आणि ती जिना उतरू लागली.

एकदाच. मित्रांनो, यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मी एक जुनं पितळी कुलूप आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराला गेली अकरा वर्षं लटकतो आहे, आणि मला एकदाच ओढलं जाण्याची सवय राहिलेली नाही.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. पोटात सात लिव्हर बसवून कारागिरानं माझा वरचा वाकडा आकडा खटकन दाबला, जोर लावून ओढला आणि म्हणाला, "हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही." तेवढं एक प्रशस्तिपत्रक घेऊन मी या घरी आलो.

घरात तिघं. ती, म्हणजे आई, शर्टांच्या कारखान्यात चेकिंगला आहे. शिवून आलेल्या शर्टाची बटणं, काज, कॉलर, सुटे दोरे पाहायचे आणि आत आपल्या नंबराची चिठ्ठी चिकटवायची. तिच्या नंबराचा एकही शर्ट कधी परत आला नाही. नवरा टेम्पो चालवतो, पहाटेच बाहेर पडतो. मुलगी शाळेतून दुपारी तीनला एकटी येते आणि स्वतःजवळच्या किल्लीनं मला उघडते.

पहिली काही वर्षं ती मला एकदा ओढायची. मग तीनदा. मग सात. माझ्या कानावर आलं ते कौतुकच होतं. "फार काळजी घेणारी आहे हो बाई," असं समोरच्या आजी म्हणायच्या. नणंद आली की चिडवायची, "आमच्या वहिनीचं कुलूप म्हणजे तान्हं बाळ. दहा वेळा जोजवल्याशिवाय झोपत नाही!" सगळे हसायचे. तीही हसायची. तेव्हा तिची बोटं माझ्यावर असायची आणि ती बर्फासारखी गार असायची.

त्या बोटांतून मला तिची भीती कळली. मी उघडा राहीन, कुणीतरी आत शिरेल, दाराआड उभं राहील आणि तीन वाजेपर्यंत थांबेल. बाकी काही नाही. रोज तेवढंच.

ती माझ्याकडे टक लावून पाहायची, पण मी बंद आहे हे तिला दिसायचंच नाही. मग डोळे मिटून ओढायची. बसस्टॉपवरून परत यायची. एकदा तर कामावरून भर दुपारी धापा टाकत आली, एकवीस वेळा ओढून गेली. कारखान्याचं फाटक सव्वानऊला लागतं. तिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाऊ लागला. सुपरवायझरनं शेवटची ताकीद दिली.

नवऱ्यानं त्याच्या परीनं उपाय केला. दुसरं कुलूप आणलं. "आता दोन-दोन आहेत, आता तरी निवांत जा," म्हणाला. झालं उलटंच, ओढणं दुप्पट झालं. मग मुलीनं रोज "हो आई, बंद आहे" असं तीनदा म्हणायचं ठरलं. तेही एकाच सुरात. मध्ये हसू फुटलं की पुन्हा पहिल्यापासून. सगळे तिला मदत करत होते आणि ती भीती प्रत्येकाच्या मदतीवर पोसली जात होती.

नवव्या-दहाव्या हिसक्यानंतर मलाही वाटू लागायचं, मी नक्की बंद आहे ना?

मग तो दिवस आला. आई लवकर घरी परतत होती. वरच्या पायरीवर आली आणि थांबली. मुलीनं दोन्ही कुलपं काढली होती, दार ढकललं होतं, पण मुलगी आत जात नव्हती. उंबऱ्याबाहेर उभं राहून तिनं रिकाम्या खोलीला विचारलं, "कोण आहे?"

ती कान देऊन ऐकत राहिली. मग दार ओढून घेऊन तिनं मला पुन्हा कडीत अडकवलं, दाबलं आणि ती मला ओढू लागली. ओठ हलत होते. चार, पाच, सहा.

आई पायरीवरच बसली.

पुढच्याच आठवड्यात ती डॉक्टरांकडे गेली. हा मंत्रचळ आहे, यालाच ओसीडी म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. ही सवय नव्हे, हट्ट नव्हे, हा आजार आहे. गोळ्या सुरू झाल्या. त्यासोबत एक सराव मिळाला. एकदा ओढायचं आणि निघायचं. भीती चढेल, चढू द्यायची. खात्री मागायची नाही. घरच्यांनीही द्यायची नाही. दुसरं कुलूप कपाटात गेलं.

सराव सोपा नव्हता. परवा ती चार पायऱ्या उतरून परत आली. मुलीचा हात धरून म्हणाली, "एकदाच सांग ना गं. लागलंय ना?"

"डॉक्टरकाकूंनी नको सांगितलंय."

"त्यांना कोण सांगायला जातंय?"

मुलगी रडवेली झाली, पण म्हणाली, "आई, मला माहीत नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी असं कुणी असेल तर हसू नका. "डोकं फिरलंय" म्हणू नका. शंभरदा "बंद आहे" असंही सांगू नका, त्यानं भीतीची भूक वाढते. त्या माणसाला डॉक्टरांकडे न्या आणि बरोबर बसा.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगू शकलेलो नाही. इतक्या वर्षांच्या ओढण्यानं माझ्या आकड्याची खाच झिजली आहे. आज सकाळी खटका वाजला. पण तो बसला की नुसता टेकला, मला कळत नाही. खाच खरंच झिजली आहे, की तिची शंका माझ्यात उतरली आहे, तेही कळत नाही.

जिन्यातल्या घड्याळात आठ वाजून एकोणसाठ झाले आहेत. तिची पावलं केव्हाची मधल्या वळणावर थांबली आहेत. तिथूनच तिनं खाली विचारलं, "लागलंय ना गं?"

खाली मुलगी आहे. तिच्या बुटांची चुळबुळ मला ऐकू येते. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही.