अडीच वाजताचं ऊन

बेकरीवाल्या काकूंनी आत्याच्या हातात ताजा ब्रेड ठेवला आणि म्हणाल्या, "बघ याच्या तोंडाकडे. तापातून उठलेला माणूस बरा दिसतो."

ब्रेड खरंच पांढराफटक होता. बोट लावलं तर खळगा पडत होता आणि तो पुन्हा वर येण्याचं नावच घेत नव्हता.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. सहा वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली सोलर पॅनल बसवत होती. मागच्या महिन्यात नोकरी सोडली आणि स्वतःचं पहिलं काम घेतलं, ते या बेकरीच्या गच्चीवरचं. बारा पॅनल. आमच्या भागात दुपारी बाहेरून येणारी वीज मरगळते, आणि काकूंची दुसरी खेप नेमकी अडीचला ओव्हनमध्ये जाते. त्यासाठीच तर त्यांनी पॅनल घेतले. आणि पॅनल काय करत होते? सकाळी ओव्हन गार पडलेला असताना वीज नुसती ऊतू घालवायचे आणि अडीच वाजले की हात वर करायचे.

"शनिवारपर्यंत वाट बघते," काकू म्हणाल्या. "नाहीतर तुझे आरसे उतरव आणि घेऊन जा, बाई. पलीकडच्या गल्लीतला लाँड्रीवाला रोज विचारतोय, मीही पॅनल घेऊ का म्हणून. त्याला काय सांगायचं ते मी शनिवारीच ठरवेन."

जिना चढताना आत्या पुटपुटली, "नाचता येईना अंगण वाकडं. ओव्हनच जुनाट आहे त्यांचा." पण वर गेल्यावर तिने सगळे पॅनल दुसऱ्यांदा धुतले. शनिवारी हे उतरवावे लागले तर आजी "सांगत होते, नोकरी सोडू नकोस" हे वाक्य किती दिवस पुरवून वापरेल, याचा हिशोब आम्ही दोघीही मनात करत होतो.

"आत्या, वीज किती कमी पडते?"

"कमी म्हणजे कमी."

"म्हणजे किती? आणि किती वाजल्यापासून?"

"चौकशी खिडकी बंद कर आणि बादली दे."

घरात मला चौकशी खिडकी म्हणतात. गेल्या वर्षीपर्यंत असं म्हटलं की मी गप्प बसायचे. आता वर्गात बाईंनी मला एका तासाला तीनच प्रश्न असा नियम घालून दिलाय, आणि सध्या तर शाळेला सुट्टी होती. म्हणजे प्रश्नांना मोजमाप नाही.

मंगळवारी सकाळीच मी मैद्याच्या पोत्यांमध्ये ठाण मांडलं. तिथल्या भिंतीवर इन्व्हर्टर आहे, पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारा डबा. त्याच्या पडद्यावर त्या क्षणी किती वीज येतेय तो आकडा दिसतो. दर अर्ध्या तासाला मी तो वहीत उतरवला. दुपारपर्यंत माझ्या भुवयासुद्धा मैद्याने पांढऱ्या झाल्या आणि काकूंचा कारागीर मला "आजीबाई, चहा घेणार का?" असं विचारायला लागला.

संध्याकाळी आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. खरं तर डोंगर यायला हवा होता, मधोमध शिखर आणि दोन्हीकडे सारखा उतार. माझा डोंगर डाव्या कुशीवर झोपलेला. शिखर अकरालाच. अडीचला आकडा त्याच्या निम्म्यावर.

"धूळ असेल," आत्या म्हणाली.

"तू दोनदा धुतलेस. आणि धुळीला घड्याळ कळत नाही. धूळ असती तर अख्खा डोंगर बुटका झाला असता. हा सरकलाय."

"ढग?"

"दिवसभर एक नव्हता. सावलीही नाही, मी अडीचला वर जाऊन बघितलं." मी आलेखाचा कागद तिच्यापुढे सरकवला. "आत्या, पॅनलची तोंडं नक्की दक्षिणेला आहेत ना?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी बादली आणायला पळाले असते. "मोबाईलमधलं होकायंत्र लावून रेघ मारलीय मी."

"कुठे लावून?"

बुधवारी तिने जागा दाखवली. पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड. गच्चीवर सरळ कड तेवढीच, म्हणून तिने मोबाईल त्याला टेकवून दिशा घेतली होती. मी तिचाच मोबाईल तिथे टेकवला, मग हातात धरून गच्चीच्या मध्यावर चालत गेले. पडद्यावरची सुई जागची हलली आणि चांगली पाव फेरीच्या निम्मी फिरून थांबली.

आत्याने मोबाईल घेतला आणि स्वतः तीनदा चालून बघितलं.

"मोबाईलचं काय खरं," ती शेवटी म्हणाली.

"मग मोबाईल नको. सावलीला विचारू."

हे भूगोलाच्या बाईंनी शिकवलेलं. मोकळ्या जागी काठी सरळ उभी करायची आणि तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढायचं. सकाळी लांब असलेली सावली आखडत येते आणि तिचं टोक वर्तुळाला शिवतं, तिथे खूण करायची. दुपारी ती लांबत जाऊन पुन्हा शिवते, तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ. सूर्याला लोखंडाशी काही देणंघेणं नाही.

दोन खुणांमध्ये चार तास गेले. आत्या पूर्ण वेळ गच्चीवर उन्हात बसून राहिली, टोपीसुद्धा न घालता. दुसरी खूण झाली तेव्हा तिने स्वतः दोरी ताणली. पॅनलची रांग त्या रेघेला सरळसरळ तिरकी होती. तोंडं दक्षिणेला नव्हती, आग्नेयेला होती. सकाळच्या सूर्याकडे.

"सहा वर्षं नट आवळले," ती म्हणाली. "रेघ साहेब मारून जायचे. कुठून मारतात ते मी कधी विचारलं नाही बघ."

"मी सांगू का काकूंना?"

"नको. चूक माझी, तोंडही माझंच." ती उठली. "उद्या सरळ दक्षिणेला फिरवू. सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभे आहेत, दिवसाचं काम आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. "पण काकूंना दुपारीच हवंय ना? मग दक्षिणेला तरी का थांबायचं? तेवढेच पलीकडे नेऊ, नैऋत्येला. डोंगर उजव्या कुशीवर वळेल."

"दिवसभराची वीज थोडी कमी होईल."

"सकाळची वीज कोण खातंय?"

आत्या वाकून दोरी गुंडाळायला लागली. मग खाली गेली, मी मागोमाग. काकू पीठ मळत होत्या.

"ताई, पॅनलची दिशा चुकली होती माझी."

"म्हणजे ओव्हन बरा आहे माझा. जिन्यातलं बोलणं खाली ऐकू येतं."

"बरा आहे. आता दुसऱ्या बाजूला वळवते."

"पहिल्यांदा इकडे वाकडं, आता तिकडे वाकडं?"

"हो. पण या वेळी ठरवून."

काकूंचे हात पिठात थांबले. "शनिवार काही पुढे ढकलणार नाही मी," त्या म्हणाल्या, पण कारागिराला हाक मारून म्हणाल्या, "उद्या यांच्याबरोबर वर जा रे, ठोकळे जड आहेत."

शनिवारी अडीचला मी पोत्यांमध्ये होते. आकडा मंगळवारच्या पावणेदोनपट. मी तीनदा वाचला. तीन-सव्वातीनला काकूंनी ट्रे ओढला. त्यांनी ब्रेड उलटा केला, बुडावर बोटाने टकटक केलं, कान लावला. मग मधोमध कापून एक तुकडा आत्याला दिला, एक मला. कड खरपूस तांबूस होती आणि चावताना आवाज करत होती.

"जा आता त्या लाँड्रीवाल्याकडे," काकू म्हणाल्या. "सकाळपासून दोनदा येऊन गेला. म्हटलं, पाठवते."

लाँड्रीत आत्या आधी मोबाईल काढेल असं मला वाटलं होतं. तिने काठी माझ्याकडे दिली, टाकीचा स्टँड कुठे आहे ते डोळ्यांनी हेरलं, आणि मालकाला विचारलं, "तुमच्या इस्त्र्या किती वाजता तापतात?"

"का हो?"

"सांगा तर," आत्या म्हणाली. "आणि अजून दहा प्रश्न आहेत."